कंदिलाची काच

शहादेव खोकायला लागला की आश्रुबाचा हात आपोआप त्याच्या पाठीवर जायचा. औत धरलेलं असो, बैलांना पाणी दाखवत असो, नाहीतर भाकरीचा घास तोंडाशी नेलेला असो. हातातलं टाकून हा माणूस पोराच्या मागं उभा राहायचा आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळवा ठेवून खालून वर चोळत राहायचा. तळव्याला नांगराच्या मुठीचे घट्टे होते. सदऱ्यावरूनसुद्धा ते टोचायचे.

"निघू दे," तो म्हणायचा. "कफ निघाला की मोकळं वाटतंय."

शहादेवला सोळावं लागलेलं. ओठावर लव आली होती आणि उंचीनं तो बापाच्या वर गेला होता. त्या हाताची त्याला लाज वाटायची. कारण खोकला कुठून आला ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

तो आला होता पाटोद्याच्या बाजारातून. मागच्या साली दसऱ्याच्या अलीकडं बाजारात एक रंगवलेला छकडा येऊन उभा राहिला. छकड्यावर पितळी भोंग्याचं गाणारं यंत्र. काळा कोट घातलेला एक माणूस चावी फिरवायचा आणि भोंग्यातून बाई गायची. माणसं बैलांचे कासरे सोडून तिकडं धावली. गाणं संपलं की कोटवाला खोका उघडून शिगरेटी वाटायचा. फुकट. पांढऱ्याशुभ्र, बोटभर लांब, एका टोकाला सोनेरी अक्षरं.

म्हाताऱ्यांनी हात पुढं केले तर तो हसायचा. "बाबा, तुमी चिलीम वढा. ये जवान लोगां की चीज है."

एकाही म्हाताऱ्याला त्यानं दिली नाही. म्हातारं ओढून ओढून किती वर्षं ओढणार? कंपनीला तेवढं कळत होतं. कोवळी पोरं त्यानं पुढं घेतली, एकेकाच्या ओठात शिगरेट ठेवली आणि स्वतःच्या हातानं काडी ओढून दिली. तहसील कचेरी तिथून हाकेच्या अंतरावर होती. कचेरीतल्या एकाही माणसाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"वढ बे," शेजारचा सुग्रीव शहादेवला म्हणाला. "का मायला विचारून येतू?"

पहिल्या झुरक्याला शहादेवच्या डोळ्यांतून पाणी आलं. पोरं हसली. दुसऱ्या बाजाराला कुणी हसलं नाही. असे काही बाजार फुकटात गेले आणि मग छकडा यायचा बंद झाला. त्याच सुमाराला गावातल्या बंकटच्या दुकानात त्याच शिगरेटी आल्या. आता त्यांना काहीतरी द्यावं लागत होतं. शहादेवनं कापूस दिला, कोंबडीची अंडी दिली. माय कोंबडीला शिव्या द्यायची, की रांड घरचं खाऊन अंडी परक्याच्या उकिरड्यावर घालती.

खोकला थंडीत सुरू झाला आणि उन्हाळ्यातही हटला नाही. आश्रुबानं अडुळशाचा काढा केला. ओव्याची धुरी दिली. दर्ग्यातला ताईत आणून पोराच्या दंडाला बांधला. वैदूनं नाडी बघितली, छातीला कान लावला आणि विचारलं, "घरात धूर असतो का लई?"

आश्रुबानं मान खाली घातली. तो चिलीम ओढायचा. त्याचा बाप ओढायचा, आजा ओढायचा. रात्री पोरगं झोपलं की त्याच्या उशाशी बसून तो दोन दम मारायचा. तो दिवसाचा शेवटचा विसावा होता.

घरी येऊन त्यानं चिलीम उंबऱ्याच्या दगडावर फोडली.  खापऱ्या गोळा करून उकिरड्यावर टाकल्या. बटव्यात गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि जळका कापूस तेवढा राहिला. तो बटवा त्यानं खुंटीला अडकवला आणि पुन्हा कमरेला लावला नाही. त्या दिवसापासून घरात चुलीतला विस्तव सोडला तर पेटवायला एक काड्याची पेटी तेवढी राहिली.

"माज्या धुरानं लेकराची छाती खाल्ली गं," तो बायकोला, चंद्रभागेला म्हणाला. शहादेव ओसरीवर आडवा पडून ऐकत होता.

घरचे कपडे चंद्रभागाच धुवायची. तिला सगळं आधीच कळलेलं. ओढ्यावर सदरा आपटता आपटता ती थांबली आणि बाही नाकाशी नेली.

"ह्येला कसला वास?"

"सुग्रीव वढतो. त्येच्याजवळ बसलतो."

"आन सुग्रीव खोकत न्हाई कावून?"

शहादेव पाण्यात खडे टाकत राहिला.

"त्येनी चिलीम फोडली तुज्यापायी," माय म्हणाली. "दात घट्ट धरून निजत्यात आता. तलफ येती त्येनला. जाऊन सांग."

"सांगतो."

"आजच सांग."

"पेरणी होऊ दे माय. मंग सांगतो. आता त्येंच्या डोक्याला ताप कशाला?"

तिनं सदरा पिळला. पोरगं स्वतःच्या तोंडानं सांगेल म्हणून तिनं वाट बघितली. तिची चूक एवढीच.

पेरणी झाली, पण ती वाया गेली. मिरगात ओल बघून टाकलेलं बी उगवलं, दोन पानांवर आलं आणि वारा सुटून जागच्या जागी करपलं. कणगीत दाणा नव्हता. पुढं आर्द्रात पाऊस झोडपून गेला तेव्हा गावानं पुन्हा तिफणी बाहेर काढल्या. बी हवं, खायलाही हवं. आश्रुबानं पेव उघडायचं ठरवलं.

पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार, गावाच्या वरच्या अंगाला, पांढऱ्या मातीत खणलेलं. वरून बघितलं तर फक्त एक दगडी झाकण आणि त्यावर चिखलाचा थर. तोंड एवढं अरुंद, की रुंद खांद्याचा माणूस तिरका झाला तरच आत जाईल. पण आत पोट मोठं, माणूस बुडेल एवढं खोल, आणि कडेनं कडब्याचं अस्तर. बंद पेवात दाण्याची वाफ धरते. ती दिसत नाही, तिला वास येत नाही. आश्रुबाच्या चुलत्याला तिनंच मारलं होतं. म्हणून गावात आश्रुबाएवढी पेवाची धास्ती कुणालाच नव्हती. झाकण काढून ऊन चढेपर्यंत तो आत कुणाला डोकावू देत नसे. मग पेटलेला कंदील दोरीनं बुडापर्यंत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस आत जायचा. विझला तर लिंबाचे डहाळे दोरीला बांधून आतली हवा ढवळायची आणि पुन्हा कंदील सोडायचा. लोक थट्टा करायचे, की आश्रुबाच्या पेवातून दाणा निघेपर्यंत पाहुणा उपाशी मरतोय.

आत उतरायचं काम शहादेवचं. दहा वर्षांचा असल्यापासून तो उतरत होता. पण या खेपेला आदल्या दिवशीच बाप म्हणाला, "तू उतरू नको. आतली धूळ तुज्या छातीला सोसायची न्हाई."

"तू मावायचा न्हाईस बा त्या तोंडातनं."

"तुज्या जन्माच्या आदी काय तुजी आजी उतरायची?"

चंद्रभागा हसली. शहादेवही हसला आणि हसता हसता खोकला. बापाचा हात पाठीवर आला.

सकाळी दोघांनी पहारीनं झाकण उचकटलं. आभाळ भरलेलं होतं आणि वारा अंगावर येत होता. बापलेक दोघं बाजूच्या दगडावर बसून राहिले. उठल्यापासून शहादेवला ओढायला बाजूला जाणं जमलं नव्हतं. तळहात ओलसर झाले होते. जांभया येत होत्या. बाप तिफणीच्या फणाविषयी काहीतरी सांगत होता आणि त्या प्रत्येक शब्दाचा त्याला राग येत होता. शिगरेट कमरेच्या पंच्यात, पोटाला चिकटून होती. ती तिथं आहे हे पोटाला कळत होतं.

ऊन कसंबसं वर आलं तेव्हा आश्रुबा उठला. "म्हाळूबाचा सोल घेऊन येतो. आपला दोर कुजकाय. तवर तू कंदील सोड. बुडापस्तोर सोड आन घाई करू नको. जळतोय का नीट बघ."

बाप चिंचेच्या पलीकडं गेला. शहादेवनं आधी शिगरेट काढली, मग काड्याची पेटी. पेटी हलवली. आत एकच काडी वाजली. बाकीच्या सुग्रीवच्या गोठ्यामागं गेल्या होत्या आणि ते त्याला आता आठवलं.

एका काडीत दोन्ही होईल असं त्याला वाटलं. आधी शिगरेट, मग लगेच वात. कंदिलाची काच वर उचलून ठेवली, शिगरेट ओठात धरली, पाठ वाऱ्याकडं केली आणि काडी ओढली. शिगरेट पेटली. काडी वातीकडं नेली तर वाऱ्यानं ती अर्ध्या वाटेतच खाल्ली.

शिगरेटीचं लाल टोक त्यानं वातीला लावलं. फुंकलं, झुरका ओढला, पुन्हा लावलं. वातीला काळा डाग पडला, घासलेटाचा वास आला. जाळ काही आला नाही.

घर लांब नव्हतं. चुलीत विस्तव होता. पळत गेला असता तर गोवरीवर निखारा घेऊन बाप यायच्या आत परत आला असता. पण माय विचारणार, नव्या पेटीतल्या काड्या कुठं गेल्या? आणि हातातली शिगरेट अजून निम्मी होती. ती टाकवली नाही. तो दगडाआड बसून शेवटापर्यंत ओढत राहिला. बोटाला चटका बसला तेव्हा थोटूक मातीत दाबलं, काच खाली केली आणि कंदील पेवात सोडून वर घेतला. न पेटलेला. म्हणजे सोडला हे तरी खोटं नाही.

आश्रुबा सोल खांद्यावर टाकून आला. सोबत म्हातारा म्हाळूबा. पाठोपाठ चंद्रभागा रिकामी पोती घेऊन आली.

"सोडला का?"

"सोडला."

"जळला?"

"जळला."

आश्रुबा वाकला. काच तापलीय का ते बघायला त्यानं दरवर्षीसारखा हात पुढं केला. त्याच वेळी शहादेवच्या छातीतून खोकला उसळला. तो कंबरेत मोडला, डोळे पांढरे झाले. काचेकडं निघालेला हात तिथूनच फिरला आणि पोराच्या पाठीवर आला.

"निघू दे. निघू दे. ही धूळ बाहीरच एवढी, तर आत काय झालं असतं?"

खोकला थांबेपर्यंत तो चोळत राहिला. मग पटका काढून चंद्रभागेच्या हातात दिला, सोल काखेखालून छातीला बांधला आणि पाय पेवात सोडले. खांदा तोंडात अडकला.

"आश्रुबा, भाकरी कमी कर," म्हाळूबा म्हणाला.

"चंद्रभागेला सांगा," आतून आवाज आला. "तिच्या हाताचं वजन हाय हे."

तो खाली टेकल्याचा आवाज आला. सोल सैल पडला.

"सोड पोतं."

चंद्रभागेनं पोतं सोडलं. दाण्यात हात घातल्याची सळसळ झाली. एकदाच झाली.

"आवं?" चंद्रभागा म्हणाली.

म्हाळूबानं सोल ओढून बघितला. टोकाला नुसतं वजन होतं. त्याचा चेहरा बदलला. "वढा," तो म्हणाला. "वढा पयलं."

तिघांनी ओढलं. अंग वर आलं, तोंडाशी आलं. डोक्यावरचे पांढरे केस दिसले, ज्वारीनं माखलेले. पण खांदा आडवा बसला. शुद्धीतला माणूस तिरका होतो, बेशुद्ध कसा होणार? म्हाळूबा आडवा पडून एका काखेत हात घालायला गेला, दुसऱ्या काखेला त्यानं चंद्रभागेला बोलावलं. "पोरा, तू एकट्यानं धर. सोडू नको."

शहादेवनं टाचा रोवल्या, सोल हाताला गुंडाळला. तेवढ्यात छातीत ते उठलं. त्यानं दात आवळले, श्वास धरला, गुदमरला आणि खोकला फुटला. एक, दुसरा, तिसरा. अंग गळालं, हातातला सोल सरकला आणि तळहाताचं कातडं घेऊन गेला. पेवात आश्रुबा पुन्हा खाली पडल्याचा आवाज झाला.

शहादेव पेवाकडं झेपावला तेव्हा म्हाळूबानं त्याच्या केसांना धरून त्याला मागं ओढलं. "एक गेला. दुसरा नको."

चंद्रभागेच्या हाकेनं शेतातली माणसं धावली. त्यांनी आश्रुबाला वर काढलं. मुठीत ज्वारी होती. ती मूठ उघडायला दोन माणसं लागली.

दुपारी पोलीस पाटील आला, अर्जुनराव. त्याला बसायला चंद्रभागेच्याच घरची बाज काढली. बाजेसमोर आश्रुबा झाकून ठेवलेला. अर्जुनरावनं आधी पाणी मागितलं, मग सुपारी कातरली.

"पाटोद्याच्या ठाण्यात अमीनसायबाला कळवावं लागतंय. कंदील सोडला व्हता का न्हाई? कुणी सोडला?"

शहादेवचा तळहात चिंधीत बांधलेला. त्यानं तोंड उघडलं.

"त्येनीच सोडला," चंद्रभागा मधेच म्हणाली. आवाज कोरडा होता. "म्या बघितलं. जळला."

"जळला तर वाफ कशी?"

"वरच्या वर सोडला असंल. घाई केली. दिवस वर येऊ दिला न्हाई."

म्हाळूबानं तिच्याकडं बघितलं, मग पोराकडं बघितलं आणि जमिनीकडं बघत बसला.

"आश्रुबा आन घाई," कुणीतरी मागून म्हणालं.

"पेरणीची घाई कुणाला सुटलीय," अर्जुनराव म्हणाला आणि उठला. "उतावळेपणा नडला. तसंच सांगतो."

घटकाभरात गावभर तेच झालं. आश्रुबा उतावळा. सगळ्यांना शहाणपण शिकवायचा आणि स्वतः आंधळ्यासारखा उतरला. सरणाच्या वाटेवर लोक हेच बोलत होते. विस्तवाचं मडकं धरून पुढं चालणाऱ्या शहादेवला सगळं ऐकू येत होतं. मागं फिरून एक वाक्य बोलायचं होतं. स्मशान आलं, सरण पेटलं. ते वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

दिवेलागणीला चंद्रभागेनं कंदील पुढं घेतला. रोज या वेळी ती राखेनं काच पुसायची. आज तिनं काच हातात फिरवली आणि तशीच बसवली.

"पुसायची गरज न्हाई," ती म्हणाली. "कोरी हाय. सकाळी पेवावर न्यायला पुसून दिली तशीच."

शहादेव भिंतीला टेकून बसला होता.

"माय—"

"बोलू नको." तिनं चुलीतल्या काटकीनं वात पेटवली. "जल्मात त्या माणसानं घाईनं पाऊल टाकलं न्हाई. म्या त्येला उतावळा केला. चार लोकांत. त्येचं तोंड झाकलेलं असताना. तुज्यासाठी." तिनं काच खाली केली. "तो मेला ते एकदा मेला. त्येचं नाव म्या मारलं."

मग उठून तिनं खुंटीवरचा बटवा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. "आता वावरात तुलाच जायचंय. वावरात विस्तव लागतो. ह्यात चिलीम न्हाई, चकमक हाय. ह्याला हात लाव आन म्हण."

शहादेवनं जखमेचा हात बटव्यावर ठेवला. "न्हाई वढणार."

तो मनापासून बोलला. त्यात तसूभर खोट नव्हती.

पेव डहाळ्यांनी ढवळलं, कंदील जळला, आणि या खेपेला शहादेवच उतरला. बाप ज्या दाण्यांवर पडला होता ते दाणे त्यानं पोत्यात भरले. त्यातलेच पेरले. त्यांचीच भाकरी तेराव्याला गावानं खाल्ली आणि ज्वारी यंदा गोड आहे असं म्हटलं. ते सगळे दिवस त्यानं शिगरेटीला हात लावला नाही. अंग कापायचं, झोप यायची नाही, बैलावर हात उगारला जायचा. सुग्रीव बांधावर आला तर त्यानं ढेकूळ उचललं. खोकला मात्र गेला नव्हता.

मीठ संपलं म्हणून मायनं बाजारला पाठवलं. बाजारात शिरल्याबरोबर भोंग्यातली बाई ऐकू आली. छकडा पुन्हा आला होता. नवा रंग दिलेला, भोवती नवी पोरं, शहादेवपेक्षा लहान. तो लांबून जायला निघाला. पण त्याचं मुंडण केलेलं डोकं गर्दीत कोटवाल्याला दिसलं.

"अरे जवान! कोन गया?"

"बाप."

कोटवाल्यानं जिभेनं चुकचुक केलं. खरंच वाईट वाटल्यासारखं. खोक्यातून एक काढली आणि पोरांच्या डोक्यांवरून हात लांब केला. "ले. दुख में काम आती. आज भी मुफत."

शहादेवनं हात मागं घेतला होता. तळव्यावर अजून सोलाचा लाल पट्टा होता. तोच हात पुढं गेला.

बाजाराच्या कडेला, जिथं बैल सोडतात तिथं, लिंबामागं तो गेला. कमरेचा बटवा सोडला. गारगोटी, पोलाद, जळका कापूस. बापाला चार-पाच टोले लागायचे आणि तो स्वतःशी पुटपुटायचा. शहादेवला पहिल्याच टोल्याला ठिणगी पडली. कापूस लाल झाला. त्यानं शिगरेटीचं टोक त्याला लावलं आणि डोळे मिटून आत ओढलं. कितीतरी दिवसांनी अंगातलं कापरं थांबलं.

मग खोकला आला. खालून, पोटापासून. तो गुडघ्यावर हात टेकून वाकला, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. खोकला सरला तरी तो सरळ झाला नाही. तसाच वाकून, पाठ पुढं करून उभा राहिला. बराच वेळ.

पाठीवर वारा तेवढा लागत होता.